शनिवार-रविवारी उडणारं गिधाड

वत्सलामावशी फक्त शनिवार-रविवारी उडते, हे माझ्या ध्यानात यायला दिवाळी उलटून थंडी पडावी लागली.

वत्सलामावशी म्हणजे आमच्या पाखरकड्यावरची लांब चोचीची एक मादी. गिधाडांना नावं द्यायची नाहीत, क्रमांक द्यायचे, असा वनखात्याचा नियम आहे आणि कागदावर मी तो पाळते. पण सतरा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कुणीच उभं राहत नाही. वत्सलामावशी म्हटलं की राहतं. पंगत बसली की कोपऱ्यात मान आखडून बसणारी, 'मला काही नकोच आहे' म्हणणारी आणि शेवटी सगळ्यांपेक्षा जास्त जेवणारी. माझी खरी वत्सलामावशी डोंबिवलीत खुटखुटीत आहे आणि तिला यातलं काही माहीत नाही.

तर गिधाडाला वार कळत नाही. ऊन तापलं की ते उडतं, खायला दिसलं की उतरतं. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत गप्प पडून राहायचं आणि शनिवारी जेवणवेळेनंतर ताजंतवानं होऊन वर जायचं, हे लक्षण गिधाडाचं नाही, नोकरदाराचं आहे. पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत मी आधी स्वतःलाच वेड्यात काढलं. मग मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी काढल्या. कड्यावरची आणखी दोघंही तसलीच निघाली.

हे ठिपके कसले, ते आधी सांगायला हवं. पूर्वी रडार आकाशात लहरी सोडायचं आणि कशावर तरी आपटून परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचं. त्यातून काहीतरी आहे एवढं कळायचं, कोण आहे ते कळायचं नाही. मग विमानांत एक डबी आली. जमिनीवरून विचारायचं, कोण? डबीने सांगायचं, क्रमांक अमुक, उंची तमुक. हा ट्रान्सपाँडर. पुढे त्याने विचारण्याची वाट बघणंही सोडलं आणि तो दर सेकंदाला आपण होऊन स्वतःची हजेरी देऊ लागला. जो हजेरी देतो तो आकाशात आहे, जो देत नाही तो नाही, असा सोपा हिशेब त्यातून तयार झाला.

आमच्या भागात सहा वर्षांपूर्वी आकाशवाटा सुरू झाल्या तेव्हा या हिशेबाला फार महत्त्व आलं. आता नाशिकहून कळवण, सुरगाण्यापर्यंत औषधं, रक्ताच्या पिशव्या, यंत्रांचे सुटे भाग आणि हंगामात द्राक्षांचे नमुने मालवाहू ड्रोन घेऊन जातात. ड्रोनला डोळे असतात, पण त्याचा भरवसा कानांवर. ज्याची हजेरी ऐकू येईल त्याला ते वाट देतं किंवा त्याच्याकडून वाट मागतं. कुणी कुणाला द्यायची याची उतरंड ठरलेली आहे. सर्वांत वर गिधाडं, मग रुग्णसेवेचे ड्रोन, मग मालवाहू, आणि तळाला 'हौशी'. हौशी म्हणजे पतंगासारखे उडणारे पॅराग्लायडरवाले, छोट्या विमानांचे क्लब आणि ग्लायडर.

गिधाडं वर कशी गेली? पहिल्याच वर्षी चार गिधाडं ड्रोनच्या पात्यांत सापडली, प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने सांगितलं की वाट पक्ष्याची आहे, यंत्राने बाजूला व्हावं. त्यातून टिकली आली. टिकली म्हणजे रुपयाच्या नाण्याहून हलका ट्रान्सपाँडर. शेपटीच्या मधल्या पिसाला चिकटवायचा. उन्हावर चालतो, अंधारात गप्प बसतो. टिकली दिसली की अर्ध्या किलोमीटरच्या आत ड्रोन फिरकत नाही. वर्षाकाठी ते पीस झडलं की टिकलीही पडते, आणि आम्ही उपाहारगृहात, म्हणजे जिथे गिधाडांसाठी निर्धोक मेलेली जनावरं टाकतो तिथे, पक्ष्याला अलगद पकडून नवी लावतो.

टिकली आठ दिवस हलली नाही तर ठिपका लाल होतो. अंड्यावर बसलेलं गिधाड कपारीच्या अंधारात दिवसचे दिवस बसतं, म्हणून मुदत आठ दिवसांची. लाल झाला की समजायचं, गेलं. नुसतं पीस झडलेलं असलं तर नवी टिकली लावली की पुन्हा हिरवा. त्या वर्षी माझे सगळे ठिपके हिरवे होते. दुर्बीण घेऊन कड्यासमोर बसायचे पैसे खात्याने बंद केले होते, कारण पडद्यावर दिसतंय ना सगळं. मलाही ते पटलं होतं. कड्यासमोर बसलं की कंबर धरते.

तर त्या रविवारी वत्सलामावशीचा ठिपका दुपारी खाली आला आणि एका जागी थांबला. आजारी पडून उतरली असेल म्हणून मी हातातलं ऐकणारं यंत्र घेतलं आणि स्कूटरवरून निघाले. यंत्राची टिकटिक मला घाटाच्या फाट्यावरून वर माळावर घेऊन गेली, तिथून तारेच्या कुंपणातून आत, आणि शेवटी एका पांढऱ्याशुभ्र ग्लायडरच्या शेपटीपाशी. ग्लायडरच्या पंखाच्या सावलीत माझ्या सासूबाई पोळीभाजी खात बसल्या होत्या.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

माझ्या सासूबाई, वैजयंती टिपणीस, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. वय सहासष्ट. सातमाळा ग्लायडिंग क्लबच्या सर्वांत जुन्या प्रशिक्षक. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गच्चीवर कपडे वाळत घालतानाही गरगरतं. त्यामुळे लग्न झाल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला ग्लायडरमध्ये बसवलं, आणि पुढे मी गिधाडांच्या नादाला लागले ती त्यांच्यामुळेच. हवेत त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलेली गोष्ट म्हणजे आमच्या पंखाशेजारी, हाताच्या अंतरावर वाटावं असं, निवांत घिरट्या घालणारं गिधाड. "यांच्यामागे जा," त्या म्हणाल्या होत्या. "जिथे ही चढतात तिथे आपणही चढतो."

मी शेपटीखाली वाकून पाहिलं. चिकटपट्टीखाली टिकली होती.

"आई, हे काय आहे?"

"दिसतंय की."

"ही सतरा नंबरची टिकली आहे."

"असेल. त्यावर नाव नव्हतं." त्यांनी डबा बंद केला. "पीस पडलं होतं, पिसाला टिकली होती. गिधाडाला नवी लावताच ना तुम्ही? मग त्याचं काय गेलं?"

मला राग यायला हवा होता आणि आलाही. पण त्यांचं म्हणणं मला ठाऊक नव्हतं असं नाही. क्लबने ट्रान्सपाँडर कुठला घ्यायचा यावर गेल्या मे महिन्यात आमच्याच घरी बैठक झाली होती आणि पोहे मीच केले होते. ग्लायडरला इंजिन नसतं, त्यामुळे वीज बनवायची सोय नसते. जी बॅटरी घेऊन चढायचं तिच्यावरच रेडिओ, उपकरणं आणि ट्रान्सपाँडर. जुना ट्रान्सपाँडर बॅटरी खातो. म्हणून ही मंडळी तो विमानतळाजवळ सुरू करायची आणि रानावर आलं की बंद करायची. ती त्यांची वर्षानुवर्षांची सवय. "आकाशात मी आहे हे मला माहीत आहे, तेवढं पुरे," असं सासूबाई म्हणायच्या. ड्रोन आल्यावर ते पुरेना. मग त्यांनी सरकारमान्य हलका हौशी डबा घेतला. बॅटरी कमी खाणारा, बसवायला सोपा.

पण हौशी डबा बोलतो. "मालवाहू येत आहे. कृपया उजवीकडे सरका." अगदी मंजूळ आवाजात. सासूबाई त्या आवाजाला भवानी म्हणतात. ग्लायडर वर चढतं ते थर्मलमधून, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेच्या खांबातून. त्या खांबातच गोल फिरत राहावं लागतं. बाहेर सरकलं की उंची गेली. आणि ड्रोनही हल्ली बॅटरी वाचवायला तेच खांब शोधत येतात. ऑगस्टमध्ये भवानीने क्लबच्या दिघेकाकांना तीन थर्मलमधून ओळीने बाहेर काढलं. खाली जिकडेतिकडे द्राक्षबागा. द्राक्षबाग वरून हिरव्या गालिच्यासारखी दिसते, पण आत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. दिघेकाका तिथे उतरले. त्यांच्या कण्याचा मणका मोडला आणि ते अजून काठी घेऊन चालतात.

"गिधाडाला वाट देतात आणि माणसाला नाही," सासूबाई म्हणाल्या. "मग आम्ही म्हटलं, ठीक आहे. गिधाड तर गिधाड."

"तीन ग्लायडरना तीन टिकल्या?"

"तीनच मिळाल्या."

खरं सांगते, मला क्षणभर हसू आलं. सबंध आकाशवाटेची यंत्रणा या माळावरच्या चार म्हाताऱ्यांना गिधाड समजून अदबीने बाजूला होत होती. मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. दिघेकाकांसारखं सासूबाईंचं होऊ नये असं मलाही वाटत होतंच. मी तसंच काहीतरी पुटपुटणार होते, तेवढ्यात मला ते पीस दिसलं. हँगरच्या दारावर, वेळापत्रकाशेजारी, टाचणीने लावलेलं. टिकली काढून घेतल्यावर शोभेला ठेवलं असावं.

मी ते काढून हातात घेतलं. झडलेल्या पिसाची दांडी मुळाशी कोरडी आणि स्वच्छ असते, जुन्या लेखणीसारखी. कडा विरलेल्या असतात, कारण पीस वर्षभर वापरून झालेलं असतं. या पिसाच्या कडा नव्या होत्या. आणि मुळाशी वाळलेल्या कातडीचा तुकडा चिकटलेला होता.

"आई, हे कुठे मिळालं?"

माझा आवाज ऐकून त्या उठल्या. "ओढ्याच्या वळणावर. जुन्या बारवेपलीकडे. आपलं एक ग्लायडर तिकडे उतरलं होतं, ते आणायला जीप घेऊन गेलो होतो. बरीच पिसं होती. म्हटलं, आंघोळीला येत असतील ओढ्यावर. तिथे झडली."

"तिन्ही तिथेच मिळाली?"

"तिथेच."

"हे झडलेलं नाही," मी म्हणाले. "हे मेलेल्या पक्ष्याचं आहे. कुत्र्यांनी ओढून खाल्लेल्या."

त्यांनी पीस माझ्या हातून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. टिकली ओढ्याकाठी पडून राहिली असती तर आठ दिवसांनी ठिपका लाल झाला असता. तीन लाल ठिपके एका जागी म्हणजे विषबाधा, हे खात्यातल्या शिपायालाही कळलं असतं. जनावरांचं दुखणं थांबवायला देतात त्यांतली काही औषधं गिधाडाच्या पोटात गेली की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. असं जनावर कुणीतरी त्या ओढ्यावर टाकत होतं. आणि दर शनिवारी क्लबची ग्लायडरं मेलेल्यांना हवेत नेऊन त्यांचे ठिपके हिरवे ठेवत होती.

"म्हणजे मी तिला तीन महिने..." सासूबाईंनी पीस परत माझ्या हातात दिलं.

"मला ती जागा बघायचीय. आत्ता."

"रस्त्याने गेलीस तर डोंगराला वळसा आहे. अंधार पडेल." त्यांनी आकाशाकडे पाहिलं, मग वाऱ्याच्या पिशवीकडे. "वरून दाखवते. चल."

टिकली मी स्वतः उचकटली आणि पँटच्या खिशात टाकली. तिन्ही ग्लायडरच्या टिकल्या काढल्या. दोन आसनी ग्लायडरमध्ये मी पुढे बसले, त्या मागे, शिकवायच्या जागी. विंचने, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, दोर ओढला आणि गलोलीतून सुटलेल्या खड्यासारखे आम्ही वर गेलो. दोर सुटला. नुसता वाऱ्याचा आवाज राहिला. मागून हौशी डबा सुरू केल्याचा खटका ऐकू आला आणि भवानीने नमस्कार केला.

डोंगराच्या सोंडेवर आम्हाला चांगला थर्मल मिळाला. भवानीने त्यातून एकदाच बाहेर काढलं. सासूबाई निमूट सरकल्या आणि पुन्हा आत आल्या. एरवी त्यांनी तिचा उद्धार केला असता.

"मी तुला सांगायला हवं होतं," त्या मागून म्हणाल्या. हवेत एकमेकींची तोंडं दिसत नाहीत, त्यामुळे बोलणं सोपं जातं. "मला वाटलं, तू नाही म्हणशील."

"म्हणाले असते."

"आणि मग मला उडणं सोडावं लागलं असतं. मी ते सोडायला तयार नव्हते, केतकी. एवढंच आहे बघ. दिघ्यांचा मणका हे निमित्त."

तेवढ्यात मला गिधाडं दिसली.

गिधाडांनाही हजेरी द्यायची असते, फक्त ती डोळ्यांनी देतात. प्रत्येक जण उंचावरून जमिनीकडे बघत असतो आणि शेजाऱ्याकडेही. एकाला खाणं दिसून तो खाली झेपावला की शेजारी ओळखतो, त्याच्यामागे येतो, त्याचा शेजारी त्याच्यामागे. असं करत वीस-पंचवीस किलोमीटरवरचं आकाश एका मेलेल्या म्हशीवर रिकामं होऊ शकतं. हजारो वर्षं याच शहाणपणावर ती जगली. विषारी जनावर पडलं की याच शहाणपणाने मरतात.

ओढ्याच्या वळणावर काहीतरी काळं पडलेलं होतं. त्यावर दहा-बारा गिधाडं उतरत्या घिरट्या घालत होती, आणि उत्तरेकडून आणखी येताना दिसत होती. पाच-सहा खाली उंबरावर बसली होती. गिधाड लगेच खात नाही. उतरून आजूबाजूला बसतं, खात्री करतं, कुणीतरी आधी चोच लावायची वाट बघतं. म्हणजे अजून थोडा वेळ होता. मी फोन काढून वनरक्षकाला लावला. तो कळवणला होता, यायला दोन तास तरी.

"हाकलता येतील का?" सासूबाईंनी विचारलं.

"डोक्यावरून खाली गेलो तर उठतील. पण खालून मालवाहूंची वाट जातेय."

दरीत आकाशवाटेचे दिवे आम्हाला वरून दिसत होते, एकामागे एक सरकणारे. ग्लायडरला एकदाच खाली जाता येतं. खाली गेल्यावर पुन्हा चढायला इंजिन नाही. ड्रोनच्या रांगेतून खाली उतरायचं, गिधाडांवरून दोन फेऱ्या मारायच्या आणि जे शेत सापडेल त्यात उतरायचं. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या. त्यांच्यामध्ये मका काढलेला एक अरुंद तुकडा.

"मालवाहू मार्ग. खाली येऊ नका," भवानी म्हणाली. "कृपया वर राहा."

मला दिघेकाकांची काठी आठवली. मी खिशात हात घातला.

"आई, टिकली आहे माझ्याकडे. बाहेर काढली की सुरू होईल. अर्धा किलोमीटर मोकळं मिळेल आपल्याला. एवढ्यापुरती."

मी हे बोलले. मी, जी तासाभरापूर्वी त्यांच्यावर चिडले होते. त्या क्षणी मला गिधाडं, खातं, नियम काही नको होतं. मला माझी सासू धड खाली उतरायला हवी होती.



"राहू दे," त्या म्हणाल्या. "ती मेलीय. तिला आणखी किती राबवायचं?"

मग मला डब्याच्या आकड्यांची चकती फिरवल्याचा आवाज आला, चार वेळा. सात, सात, शून्य, शून्य. जगातल्या कुठल्याही वैमानिकाला हा आकडा पाठ असतो. संकटात आहे, वाट द्या. तो लावला की उतरंड संपते. हौशी असो की कुणी, सगळं आकाश तुमच्यासाठी सरकतं. आणि मग चौकशी बसते, ग्लायडर उघडून पाहतात, मागच्या सगळ्या उड्डाणांच्या नोंदी मागतात. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"टिपणीस," त्या रेडिओवर म्हणाल्या, वर्गात हजेरी घेताना बोलत असतील तशा. "ग्लायडर, दोन माणसं. ओढ्याच्या वळणावर खाली येतोय."

दिव्यांची रांग मधोमध तुटली आणि दोन्हीकडे सरकत गेली.  भवानी म्हणाली, "वाट मोकळी आहे."

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "मागितली की देतात."

त्या पहिल्या फेरीला एवढ्या खाली गेल्या की उंबराची पानं आमच्या वाऱ्याने उलटी झालेली मला दिसली. गिधाडं उठली, सगळी एकदम, काळ्या फडफडाटात. दुसऱ्या फेरीला वरून येणारी परत फिरली. मग उंचीचा काटा उतरत गेला, मक्याचा तुकडा समोर आला, उजव्या पंखाखालून द्राक्षाच्या तारा सरकल्या आणि आम्ही धाटांवरून धडधडत जाऊन बांधाच्या अलीकडे थांबलो. मी कुणालाही न विचारता रडले. सासूबाईंनी मागून माझ्या डोक्यावर हात ठेवला. 

म्हशीवर आधीच दोघं चोच लावून गेली होती. त्यांना आम्ही वाचवू शकलो नाही. बाकीच्यांना मी आणि शेताच्या मालकाने काठ्या घेऊन संध्याकाळपर्यंत उतरू दिलं नाही. वनरक्षक आला, त्याने मूत्रपिंडाचे नमुने घेतले, म्हैस पुरली. ओढ्यावर जनावरं टाकणारा गोठा दोन दिवसांत सापडला. त्यांना वाटत होतं, ते गिधाडांना जेवू घालताहेत. पुण्य लागतं म्हणे.

चौकशीत सासूबाईंनी काही लपवलं नाही. मी माझ्या बाजूने जे होतं ते लिहून दिलं. त्यात त्यांचं नावही लिहिलं. त्यांचा परवाना गेला. क्लबला सहा महिने टाळं लागलं आणि त्या अहवालाच्या शेवटी कुणा शहाण्याने हेही लिहिलं की हौशी डब्याला थर्मलमधून बाहेर काढण्याचा नियम तपासून बघावा. तो बदलेल की नाही, मला माहीत नाही. खात्याने दुर्बीण परत दिली. मी मोजायला बसते तेव्हा सासूबाई शेजारी घडीची खुर्ची टाकून बसतात. मोजण्यात त्या माझ्यापेक्षा पक्क्या आहेत. पडद्यावर चौतीस होती, कड्यावर एकोणतीस भरली.

दोन टिकल्या चौकशीवाल्यांनी नेल्या. वत्सलामावशीची माझ्या खिशात राहून गेली होती. ती परत करायला गेले तर खात्यातल्या बाई म्हणाल्या, पक्षी मेल्याची नोंद हाताने करता येत नाही. टिकली आठ दिवस एका जागी राहिली की यंत्रणा आपण होऊन करते. तोवर तुमच्याकडेच ठेवा, फक्त हलवू नका.

सासूबाईंनी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, जिथे सकाळचं ऊन येतं. त्या आठवड्यात त्यांनी खिडकीची झाडलोट कुणाला करू दिली नाही. माझ्या नवऱ्याने एकदा तिथे लिंबं ठेवली, त्यावरून त्याला बोलणी बसली. रोज सकाळी चहा घेताना त्या माझ्या पडद्याकडे बघायच्या. ठिपका हिरवाच.

आठव्या दिवशी आम्ही दोघी चहा घेऊन बसलो होतो. सूर्य खिडकीत आला. ठिपका लाल झाला.

"गेली," सासूबाई म्हणाल्या. मग उठल्या आणि आंघोळीला गेल्या.